करार वाचणारी पिढी: इनुइट भूमिहक्क आणि तरुणांचे शिक्षण

कॅनडातील इनुइट समाजाच्या भूमिहक्कांचा इतिहास बहुधा दोन तारखांभोवती मांडला जातो: २५ मे १९९३ रोजी स्वाक्षरित झालेला नुनावुट करार आणि १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेला नुनावुट हा प्रदेश. वाटाघाटी आणि सीमारेषा यांचा हा वृत्तांत आवश्यकच आहे. परंतु ज्यांच्या नावाने करार झाला, त्यांच्या पुढच्या पिढीने तो कसा वाचावा, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत निबंध त्या प्रश्नापुरता मर्यादित आहे.

इनुइट तापिरिसात ऑफ कॅनडा ही संघटना १९७१ साली स्थापन झाली. १९७३ च्या कॅल्डर खटल्यात निस्गा लोक तांत्रिक मुद्द्यावर हरले. तथापि मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क वसाहतपूर्व काळापासून अस्तित्वात होता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुसंख्य न्यायाधीशांनी मानले आणि सरकारला वाटाघाटींची दारे उघडावी लागली. आता पुरावा हवा होता. लेखी दस्तऐवज नसलेल्या समाजाने तो नकाशाच्या रूपाने दिला. आपण आयुष्यभर कोठे सील आणि कॅरिबूची शिकार केली, कोठे मासे धरले, कोठे तळ ठोकला, हे शिकाऱ्यांनी नकाशांवर रेखाटून दाखवले. मिल्टन फ्रीमन यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पाचे तीन खंड १९७६ साली प्रसिद्ध झाले. या रेखाटनांना नकाशाचरित्रे म्हटले गेले. आत्मचरित्राच्या आपल्या व्याख्येत ही कृती कोठे बसते, याचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा केलेला नाही.

वडीलधाऱ्यांचे ज्ञान आणि ओटावातील कायद्याची इंग्रजी यांच्यामध्ये उभे राहणारे तरुण कोणत्या शाळांतून आले, हेही पाहिले पाहिजे. मॅनिटोबातील चर्चिल येथील निवासी व्यवसाय-शिक्षण केंद्र १९६४ ते १९७३ या काळात चालले. नुनावुटचे जनक म्हणून गौरवले जाणारे जॉन अमागोआलिक तेथेच शिकले. त्यांच्या कुटुंबाला १९५३ साली सरकारने इनुकजुआकहून दूर उत्तरेला रेझोल्यूट येथे हलवले होते. मुलांना त्यांच्या भाषेपासून तोडणाऱ्या व्यवस्थेतूनच त्या व्यवस्थेशी वाद घालणारे नेतृत्व निर्माण झाले. यात व्यवस्थेचे श्रेय शोधणे मात्र चुकीचे ठरेल.

१९८५ साली ओटावा येथे तरुणांसाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला. नुनावुट सिवुनिक्सावुट या नावाने तो आज ओळखला जातो. मूळ हेतू अगदी व्यावहारिक होता: वाटाघाटींत काय चालले आहे, हे वस्त्यावस्त्यांत जाऊन समजावून सांगणारे कार्यकर्ते तयार करणे. करार झाल्यावर ती गरज संपली, अभ्यासक्रम संपला नाही. शालेय शिक्षण पूर्ण केलेले तरुण आठ महिने आपला इतिहास, आपल्या संघटना आणि कराराची कलमे अभ्यासू लागले. त्यासाठी त्यांना आपला प्रदेश सोडून देशाच्या राजधानीत यावे लागते, हा विरोधाभास बोलका आहे.

नावाकडेही लक्ष द्यावे. नुना म्हणजे भूमी. वुट हा स्वामित्वदर्शक प्रत्यय. सिवुनिक्सावुट, म्हणजे भविष्य, यातही तोच प्रत्यय आहे. इनुक्टिटुट भाषा दोघांचे आणि अनेकांचे यांत प्रत्ययाने भेद करते. ऐकणाऱ्याला सामावून घ्यायचे की वगळायचे, हा मराठीतील आपण-आम्ही भेद तिच्यात नाही. म्हणून मराठी अनुवादकाला निवड करावी लागते. वाटाघाटींच्या मेजापुढे ती ‘आमची भूमी’ असते. वर्गात ‘आपली भूमी’.

वर्गातील खरी कसोटी करारातच आहे. सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटर भूमीची मालकी, त्यापैकी सुमारे ३५,००० चौरस किलोमीटरवर खनिजहक्क, १४ वर्षांत १.१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम, आणि नव्या प्रदेशाच्या निर्मितीचे वचन, हे सर्व इनुइटांना मिळाले. त्याबदल्यात त्यांनी भूमीवरील आपला मूळ हक्क सोडून दिला. ही केंद्र सरकारच्या तत्कालीन धोरणाची अट होती. १९९९ नंतर जन्मलेल्या मुलाला नुनावुट हवेसारखे सहज वाटते. त्याला विजयकथा सांगण्याआधी हे त्यागाचे कलम वाचायला द्यावे, असे माझे मत आहे. स्वयंनिर्णय कोणत्या किमतीला मिळाला, हे त्याशिवाय कळत नाही.

दुसरे कलम तेविसावे. प्रदेशातील सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाइतके, म्हणजे सुमारे ८५ टक्के असावे, हे त्याचे उद्दिष्ट. २००६ साली थॉमस बर्जर यांनी आपल्या अहवालात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचे दाखवले आणि कारण शाळेत शोधले: मुले ना इनुक्टिटुटमध्ये पारंगत होत, ना इंग्रजीत. सिवुनिक्सावुटची त्यांनी अनुकूल दखल घेतली. वस्तुतः करारात शाळांसाठी स्वतंत्र कलम नाही, आणि नुनावुटच्या वरच्या वर्गांनी दीर्घकाळ अल्बर्टा प्रांताचाच अभ्यासक्रम आधारभूत मानला. कराराच्या अंमलबजावणीतील कुचराईबद्दल नुनावुट तुंगाविक या इनुइट संघटनेने २००६ साली केंद्र सरकारवर दावा लावला. २०१५ साली २५.५५ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातील मोठा भाग प्रशिक्षणासाठी राखला गेला.

२००८ च्या शिक्षण कायद्याने बारावीपर्यंतच्या इनुक्टिटुट शिक्षणासाठी २०१९ ची मुदत घातली होती. २०२० च्या दुरुस्तीने ती २०३९ पर्यंत लांबवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तुंगाविकने पुन्हा न्यायालयात धाव घेतली. या वेळी प्रतिवादी ओटावा नव्हते. कराराच्या वचनातून जन्मलेले नुनावुटचे सरकार होते.