दयेची नित्यकर्मे : गोव्यातील मिसेरिकॉर्दिया आणि कॅथलिक लोकजीवन

प्रस्तावना

भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने धर्मांतर, मिशनरी संघ आणि इन्क्विझिशन या विषयांभोवती केंद्रित झालेले दिसते. सामान्य कॅथलिक गृहस्थ आपला धर्म दैनंदिन व्यवहारात कसा आचरीत होता, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हा काळ दयेचे आणि २०२५ हे वर्ष आशेचे जुबिली वर्ष म्हणून घोषित केले. त्यामुळे दया व आशा या दोन संकल्पनांची चर्चा नव्याने झाली. परंतु ती बहुतांशी धर्मशास्त्रीय पातळीवर राहिली. या संकल्पना समाजजीवनात कशा रुजल्या आणि त्यांना कोणत्या मर्यादा पडल्या, याचा विचार गोव्यातील ‘सांता काझा द मिसेरिकॉर्दिया’ या संस्थेच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दयेची चौदा कृत्ये

कॅथलिक परंपरेत दया ही केवळ भावना मानलेली नाही. तिची सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक अशी चौदा कृत्ये सांगितली आहेत. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा देणे, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस करणे ही सहा कृत्ये मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातून आली आहेत. मृताचे दफन करणे हे सातवे कृत्य ‘तोबित’ या ग्रंथातील कथेवरून त्यांत जोडले गेले. अज्ञान्यास शिकविणे, दुःखिताचे सांत्वन करणे, अपराध्यास क्षमा करणे इत्यादी कृत्ये आध्यात्मिक गणली जातात.

१४९८ मध्ये पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बन येथे मिसेरिकॉर्दिया हा बंधुसंघ स्थापन झाला. त्याच्या नियमावलीच्या आरंभीच ही चौदा कृत्ये नोंदविलेली होती. संघ सामान्य गृहस्थांचा होता, धर्मगुरूंचा नव्हे. प्रोव्हेदोर हा प्रमुख आणि बारा बंधू अशा तेरा जणांचे मंडळ कारभार पाही. ख्रिस्त आणि त्याचे बारा प्रेषित यांचा आदर्श या संख्येमागे होता. दरवर्षी २ जुलै रोजी नव्या मंडळाची निवड होई. दया हे एखाद्या संताचे असामान्य कर्तृत्व न राहता पाळीपाळीने करावयाचे काम झाले, हे या रचनेचे खरे महत्त्व होय.

गोव्यातील कार्य

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क याने गोवा जिंकले आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांत तेथे मिसेरिकॉर्दिया सुरू झाली. पुढे चौल, वसई, दमण येथेही तिच्या शाखा निघाल्या. चार्ल्स बॉक्सर यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात नगरपरिषद आणि मिसेरिकॉर्दिया यांना पोर्तुगीज वसाहतींतील समाजाचे जुळे आधारस्तंभ मानले आहे.

संघाच्या कामांत तीन प्रकार विशेष लक्षणीय आहेत. पहिले काम लाजेपायी हात न पसरणाऱ्या गरिबांचे. अशा कुटुंबांची चौकशी बंधू करीत आणि त्यांना गुप्तपणे साहाय्य पोचवीत. दुसरे काम बंदिवानांचे. तुरुंगात अन्न पोचविणे, गरीब कैद्याची बाजू मांडणे आणि देहदंड झालेल्याबरोबर वधस्तंभापर्यंत चालत जाणे ही बंधूंची जबाबदारी होती. लिस्बनमध्ये तर फाशी गेलेल्यांच्या अस्थी सर्व संतांच्या दिवशी मिरवणुकीने आणून पवित्र भूमीत पुरण्याची प्रथा होती. येथे दया आणि आशा एकत्र येतात. ज्याला राजाच्या न्यायालयाने समाजातून वगळले, त्यालाही पुनरुत्थानाची आशा नाकारता येत नाही, असा या प्रथेचा अर्थ होता. तिसरे काम मृतांच्या मालमत्तेचे. पूर्वेकडे मरण पावलेल्यांची संपत्ती पोर्तुगालमधील वारसांपर्यंत पोचविण्याची व्यवस्था संघ पाहत असे.

अनाथ मुलींसाठी ‘सेरा माते’च्या नावाने आर्चबिशप आलेशो द मिनेझिस यांच्या काळात आश्रयगृह निघाले. तेही मिसेरिकॉर्दियाच्या देखरेखीखाली होते.

मर्यादा

या संस्थेच्या ध्वजावर आपला झगा पसरून उभी असलेली दयामाता चित्रित केलेली असे. त्या झग्याखाली पोप, राजा आणि भिकारी एकाच ओळीत दिसत. प्रत्यक्षात मात्र ही ओळ सरळ नव्हती. १५७७ च्या लिस्बन नियमावलीने सदस्यांसाठी ‘शुद्ध रक्ता’ची अट घातली. गोव्यात संघाचे सदस्यत्व दीर्घकाळ पोर्तुगीज वंशीयांपुरतेच राहिले. स्थानिक ख्रिस्ती गरिबाला संघाकडून भिक्षा मिळू शकत होती; पण बंधू म्हणून भिक्षा देण्याचा अधिकार त्याला नव्हता. १६०८ मध्ये गोव्यात आणलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने येथील राजरुग्णालयाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. परंतु ते रुग्णालयही मुख्यतः युरोपीय सैनिकांसाठी होते. ज्या नगरात हे बंधू कैद्यांना भेटत, त्याच नगरात १५६० पासून इन्क्विझिशन कार्यरत होते, हेही विसरता येत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दयेचा पक्षपात केवळ ती कोणाला मिळते यावरून मोजता येत नाही. ती देण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही पाहावे लागते. जो केवळ घेणारा ठरतो, तो समाजाचा पूर्ण घटक ठरत नाही.

गावातील बंधुसंघ

या दृष्टीने गोव्यातील खेड्यापाड्यांतील बंधुसंघांचा इतिहास अधिक बोलका आहे. ‘कॉन्फ्रारिया’ या नावाने ओळखले जाणारे हे संघ स्थानिक ख्रिस्ती लोकांचे होते. चर्चचे सण साजरे करणे, सभासदाच्या अंत्ययात्रेत झगा घालून सहभागी होणे, मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण करविणे ही त्यांची कामे. येथे देणारा आणि घेणारा एकाच वाड्यावरचे असत. अर्थात येथेही गावकर आणि इतर, उच्च आणि नीच असे जातिभेद संघांच्या रचनेत उतरले. तरीही दयेचे कर्तेपण स्थानिक समाजाच्या हाती आले, हा बदल मोठा होता. १७६१ च्या राजाज्ञेने आशियाई ख्रिस्ती प्रजाजनांना पोर्तुगीजांच्या बरोबरीचे स्थान देऊ केले. ती आज्ञा गोव्यात १७७४ मध्ये अमलात आली. पुढे १८६७ मध्ये मडगाव येथे एका गोमंतकीय धर्मगुरूच्या प्रयत्नांतून ‘हॉस्पिसिओ’ उभे राहिले. त्याकडे याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा म्हणून पाहता येते.

समारोप

मिसेरिकॉर्दियाचा इतिहास दोन गोष्टी शिकवितो. दया टिकते ती उमाळ्यामुळे नव्हे, तर नेमून घेतलेल्या कामामुळे. तुरुंगात जाण्याचा वार ठरलेला असतो, गरिबाचे दार माहीत असते, बेवारस मृताला खांदा देणारे कोणीतरी असतात. अशा सवयींतूनच आशा लोकांच्या प्रत्ययास येते. दुसरे असे की, या कामाचे दार ज्यांच्यासाठी बंद ठेवले जाते, त्यांच्या दृष्टीने दया हे उपकाराचेच दुसरे नाव उरते. आजच्या धर्मादाय संस्थांचे, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, मूल्यमापन करताना लाभार्थींच्या संख्येबरोबरच त्यांच्यापैकी किती जण कार्यकर्ते झाले, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारणे आवश्यक आहे.