पाहणी आणि पाळत



आमच्या मढचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पोर्तुगीजांनी तो बांधला, समुद्रावर आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी. पहारा असावा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पहारेकऱ्याचे तोंड कोणीकडे असावे, याबद्दल. आज जिन्याजिन्यांत कॅमेरे बसत आहेत, म्हणून हा प्रश्न नवा वाटतो. परंतु महाराष्ट्राने तो १८९७ सालीच भोगला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, मांडवी भागात, डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग खरा होता, माणसे खरोखरच मरत होती. तेव्हा घरोघरची पाहणी आवश्यक नव्हती, असे कोण म्हणेल? पण फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पाहणीची झडती झाली. पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली गेली.

परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. ज्या माहितीसाठी दार फोडायचे, तीच माहिती दारामागे दडली. २२ जून १८९७ रोजी चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये एका विणकराच्या आजारी मुलीला नेण्यावरून मुंबईत दंगल उसळली. पुढे सरकारलाच सक्ती सैल करावी लागली. याउलट हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना विचारले. विश्वास मागावा कसा, हे त्यांना कळले होते.

स्वराज्यात हा प्रश्न न्यायालयापुढे आला. १९६२ साली खरक सिंग खटल्यात, पोलिसांनी रात्री घरी येऊन पाहून जाणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले; तथापि खासगीपण हा मूलभूत हक्क मानला नाही. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात कामगारांच्या कपडे बदलण्याच्या खोलीसमोर कॅमेरा बसला. चोरी होते, असे कारण सांगितले. आम्ही म्हणालो, मग तो मालाच्या दारावर बसवा. आग लागली तर आत किती माणसे आहेत, हे कळायलाच हवे. त्यासाठी दारावर मोजणी करा, आमची ना नाही. मोजणीला आकडा पुरतो, चेहरा लागत नाही. आणि टिपलेले किती दिवस ठेवणार व कोण पाहणार, हे फलकावर लिहा. बरीच हुज्जत झाली, पण कॅमेरा हलला.

पाहणी सांगून, विचारून, कामापुरती होते आणि काम संपताच संपते. पाळत चोरून होते आणि तिला शेवट नसतो. प्लेगच्या वेळी हा फरक विसरला गेला, त्याची किंमत रोग्यांनीच मोजली. उद्या आपल्या चाळीत किंवा सोसायटीत कॅमेऱ्याचा ठराव येईल. तेव्हा हात वर करण्यापूर्वी एवढेच विचारा : याचे तोंड रस्त्याकडे आहे, की शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे?