औषधशोधातील संयुग-चाळणी : उत्पादकतेच्या मापदंडाचा इतिहास

रासायनिक संयुगांच्या मोठ्या संग्रहातून औषधाच्या दृष्टीने उपयुक्त संयुग हुडकण्याच्या यांत्रिक पद्धतीस 'हाय थ्रूपुट स्क्रीनिंग' असे म्हणतात. दिवसाला किती संयुगे तपासली, या आकड्यावरून तिची उत्पादकता दीर्घकाळ मोजली गेली. हा मापदंड कसा अपुरा ठरला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

यंत्रमानव येण्यापूर्वीचे एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. फ्रँकफुर्ट येथे पॉल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची संयुगे एकामागून एक तयार करून तपासली जात. त्यांतील ६०६ क्रमांकाचे संयुग निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी उपदंशाची लागण केलेल्या सशांवर त्याची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ते गुणकारी आढळले. १९१० मध्ये ते 'साल्वर्सान' या नावाने बाजारात आले. संयुग तेच होते; बदलली होती ती चाचणी.

पुढील काळात मात्र भर संख्येवर राहिला. हंगेरीतील ग्युला ताकाची यांनी १९५१ मध्ये प्लेक्सिग्लासमध्ये खळगे कोरून चाचणी-तबकड्या बनविल्या. ९६ खळग्यांची तबकडी रूढ झाली. नंतर ३८४ आणि १५३६ खळग्यांच्या तबकड्या आल्या.

१९९५ मध्ये 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी' या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि नव्या प्रतिजैविकांची आशा बळावली. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या संशोधकांनी १९९५ ते २००१ या काळातील ७० चाळणी-मोहिमांचा लेखाजोखा २००७ मध्ये मांडला. प्रत्येक मोहिमेत लाखो संयुगे तपासली गेली. पुढील विकासास योग्य संयुगे हाती आली ती केवळ पाच मोहिमांतून. लक्ष्य-विकराला रोखणारे संयुग जिवाणूच्या पेशीत शिरेलच असे नाही, ही मोठी अडचण होती. शिवाय संग्रहातील रासायनिक वैविध्यही अपुरे होते. अपयशाचा असा प्रांजळ हिशेब उद्योगक्षेत्रातून क्वचितच प्रसिद्ध होतो, म्हणून त्याचे मोल अधिक.

दरम्यान चाचणीचीच परीक्षा घेण्याची साधनेही पुढे आली. झांग, चुंग व ओल्डेनबर्ग यांनी १९९९ मध्ये 'झेड-प्राइम' हा गुणांक सुचविला. सक्रिय व निष्क्रिय नियंत्रण-नमुन्यांच्या सरासरींतील अंतर त्यांच्या विचलनांच्या तुलनेत पुरेसे आहे की नाही, हे तो सांगतो, ०.५ वा त्याहून अधिक मूल्य उत्तम मानले जाते. २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी विविध चाचण्यांत फसवे यश दाखविणाऱ्या संयुग-वर्गांची यादी दिली. आपल्या हळदीतील कुरक्युमिनही याच फसव्या संयुगांत मोडते, असे २०१७ च्या एका समीक्षालेखाने दाखविले. स्वतःची प्रतिदीप्ती, प्रथिनांशी होणारी सरसकट अभिक्रिया आणि द्रावणातील अस्थिरता यांमुळे ते चाचणीत सक्रिय भासू शकते.