शिरगणती आणि खानेसुमारी

मोजणीला आपल्याकडं दोन जुने शब्द आहेत. एक शिरगणती, दुसरा खानेसुमारी. आमच्या नेकनूरला म्हातारी माणसं दुसराच शब्द जास्त वापरायची, कारण हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा आणि दफ्तराची भाषा उर्दू. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. शिकलेली माणसं दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, आणि आता तर दोन्ही टाकून नुसतं 'सर्वे' म्हणतात. माझं म्हणणं असं की हे शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. डोकी मोजणारा वेगळा आणि घरं मोजणारा वेगळा. घरं मोजणारा लई वेळा त्या जागेचा मालकच असतो. तुम्ही किती आहात याच्याशी त्याला फार घेणंदेणं नसतं. तुम्ही कोण, कधी आलात, आणि तुम्हाला काढता येतं का, एवढंच त्याला पाहिजे असतं.

मी जिनिंगात कामाला. शाळा नववीत सुटली. हा इतिहास मला मास्तरनं शिकवला नाही, घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या कागदांनी शिकवला. त्या पेटीकडं पुढं येतो.

गावात आमच्या लोकांकडं कागद कधी नव्हता. पण शिवेचा तंटा पडला की पाटील-कुळकर्णी महारालाच पुढं करायचे. शीव कोणत्या दगडावरून, कोणत्या ओढ्यातनं जाते हे त्यानं सांगायचं आणि तो पुरावा धरायचा. सगळ्या गावाची हद्द ज्याच्या डोक्यात, त्याचं सवताचं खोपट गावकुसाबाहेर, आणि त्या खोपटाची नोंद दुसऱ्याच्या दफ्तरात. तेवढं पुरे. गावकीवर लई लिहून झालंय.

हाच माणूस पोटामागं मुंबईला गेला तेव्हा त्याला एक नवीन मालक भेटला. सरकारी घरमालक. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९७ चा साथरोगाचा कायदा झाला आणि साहेब लोक घराघरात घुसून तपासणी करू लागले. गरिबांच्या घरांवर रंगानं अक्षरं काढली, यू. एच. एच. अर्थ असा की माणसानं राहायला नालायक. दारावर सरकारी खूण आली की पुढं घर पडतं, ही रीत आपल्या शहरांना तेव्हापासून ठाऊक आहे. १८९८ ला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं जुनी घरं पाडली आणि काही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून बाविसेक वर्षं दोन खोल्यांत राहिले. मग १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं मिळून २०७ इमारती उठल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फूट. याच त्या बीडीडी चाळी. जानेवारी १९७४ ला वरळीच्या या चाळींतच पँथरच्या सभेवरून दंगल पेटली आणि भागवत जाधव गेला. आपल्या चळवळीचा तो पत्ता आहे. पण कागदावर त्या चाळींचा मालक सरकारचं बांधकाम खातं, आणि खोलीत राहणारा म्हणजे भाडेपावतीवरचं एक नाव.

आता बघा, एका खोलीत पावतीवरचं नाव एक आणि झोपणारी माणसं दहा. गावाकडनं आलेला पुतण्या, मेव्हणा, पाळीवरचा जोडीदार. आपण त्याला पाहुणा म्हणतो. मालकाच्या वहीत तो पोटभाडेकरू. "घरात कोण कोण असतं?" हा प्रश्न शेजारणीनं विचारला तर बोलणं, आणि मालकाच्या माणसानं विचारला तर चौकशी. शब्द तेच आहेत. म्हणून चाळीतली म्हातारी बाई सर्वेवाल्याला कमी माणसं सांगायची. तिला लबाड म्हणणाऱ्यानं एक रात्र त्या खोलीत झोपून बघावं.

आता पेटी.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडून जगली, आणि खडी संपली तेव्हा मुंबईला गेली. माझा चुलत आजा १९७३ ला गेला. सरकारी जागेवरच्या एका डोंगरउतारावर त्यानं चटयांचं खोपट घातलं. ४ जानेवारी १९७६, रविवार. आणीबाणी चालू. त्या एका दिवसात सरकारनं अख्ख्या मुंबईतल्या झोपड्या मोजल्या. सुमारे २८ लाख माणसं निघाली. दारावर नंबर पडला आणि पुढं ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाला. नवराबायकोचा फोटो, नाव, झोपडीचा नंबर. महिन्याला सरकारला भरणा करायचा. म्हणजे सरकार आता उघड घरमालक झालं आणि २८ लाख लोक त्याचे भाडेकरू, पण भाडेकरूचा हक्क नसलेले.

आजा सांगायचा, मोजणारा मास्तर होता, भला माणूस होता. त्यानं विचारलं, "नाव?" यानं सांगितलं. "आडनाव?" आमच्यात तेव्हा आडनाव कुठं कोण लावत होतं? आजा गप्प. मास्तर म्हणला, "बरं बाबा, गाव कोणतं?" "नेकनूर." त्यानं लिहिलं, नेकनूरकर. झालं बारसं! गावच्या कागदात एक आडनाव, मुंबईच्या पासावर दुसरं. आजा मेल्यावर पोराला पास नावावर करायचा तर ही दोन माणसं एकच आहेत हे शाबीत करण्यात त्याची आठ वर्षं गेली. मास्तरनं काय लिहिलं ते आजाला त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं नव्हतं. अंगठा मात्र घेतला होता. भरलेला फॉर्म आजानं पुन्हा जन्मात बघितला नाही.

आणि शेजारचा? तो आमच्याच वाड्यातला. त्याची आई वारली म्हणून तो त्या रविवारी नेकनूरला आला होता. खोपटाला कुलूप. नंबर पडला नाही. दोघं एकाच गाडीनं गेलेले, एकाच उतारावर राहिलेले. एक कायद्यातला आणि एक बेकायदा, मधी फक्त एक मयत.

पास म्हणजे जागा पक्की असं कुणी समजू नये. मानखुर्दजवळ जनता कॉलनी होती. तिथली लई माणसं नगरपालिकेनंच दुसरीकडनं उठवून तिथं आणून टाकलेली. अणुसंशोधन केंद्राला जागा पाहिजे होती. मोजणीनंतर चार महिन्यांनी, मे १९७६ ला, ती वस्ती उठवली आणि माणसं चिता कॅम्पात नेऊन टाकली. मोजलेलं असलं म्हणजे उठवायला सोपं जातं, किती ट्रक लागतील ते आधीच कळतं.

पण उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवरची माणसं उचलायचा हुकूम निघाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणतात तो. जुलै १९८५ ला निकाल लागला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं कोर्ट म्हणालं. मोठं वाक्य आहे. पण त्याच निकालात खाली असं की, १९७६ ला ज्यांची मोजणी होऊन ओळखपत्र मिळालं त्यांना दुसरी जागा द्या. म्हणजे मास्तरनं रविवारी लिहिलेली ती ओळ नऊ वर्षांनी सुप्रीम कोर्टात जागेचा हक्क झाली. आणि फुटपाथवाल्यांना तर त्या मोजणीत जवळपास कुणी धरलंच नव्हतं. ते निकालात जिंकले आणि जागेत हरले.

त्याच वर्षी एक वेगळी गोष्ट घडली. भायखळ्याच्या बाजूला फुटपाथवरच्या बायकांना धरून स्पार्क नावाच्या संस्थेनं फुटपाथवाल्यांची मोजणी केली. 'वुई, द इनव्हिजिबल' या नावानं ती छापली. मुंबईवर बोजा म्हणवली जाणारी माणसं कुठनं आली, काय काम करतात, किती वर्षं झाली, हे तिथं पहिल्यांदा नीट मांडलं. पुढं महिला मिलनच्या बाया आणि जनता कॉलनीतून उठवलेल्या जोकिन अर्पुथमची झोपडपट्टी फेडरेशन यांनी ही रीतच पाडली. आपली वस्ती आपण मोजायची आणि सरकारशी बोलायला बसताना आपला आकडा आपल्या हातात ठेवायचा. मला यात संस्थेचं कौतुक करायचं नाही. फक्त एवढंच बघा की वही कुणाच्या घरात राहिली.

आता मूळ मुद्दा. आपल्या देशात दहा वर्षांनी जनगणना होते तिचा १९४८ चा कायदा आहे. त्याचं १५ वं कलम सांगतं की जनगणनेच्या वहीतली नोंद कुणाला बघता येणार नाही आणि ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालणार नाही. का? कारण माणूस भ्याला तर खरं सांगणार नाही, हे सरकारला पक्कं माहीत आहे. झोपडी मोजणी या कायद्याखाली होत नाही. तिथं लिहिलेलं सगळं पुरावाच असतो, तुमच्या बाजूनं किंवा तुमच्या विरुद्ध. बरं, दारात येणारा मास्तर तोच, खडूचा नंबर तसाच, प्रश्नही अर्धे तेच. आमच्या माणसानं दोन्हीतला फरक कशावरून ओळखावा? मास्तर सांगत नाही. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

१९७६ नंतर तारीख सरकत गेली. १९८०, १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. दर निवडणुकीच्या आगंमागं तारीख हलते आणि जुन्या कागदांना पुन्हा भाव येतो. पात्र-अपात्रांची यादी निघते, तिला परिशिष्ट दोन म्हणतात. हरकती घ्यायच्या म्हणून ती वस्तीत लावतात. कोण अपात्र, कुणाचा कागद कमी, हे नावानिशी भिंतीवर. तीच यादी भिंतीवर नसती तर दलालानं घुसडलेली खोटी नावंही कळली नसती. हे दोन्ही खरं आहे. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

आता बोटाचे ठसे आले, आकाशातनं फोटो आले. बीडीडी चाळींचं काम २०१६ ला म्हाडाकडं दिलं, एप्रिल २०१७ ला भूमिपूजन झालं. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट मिळणार. तरी नायगावच्या लोकांनी सर्वेला विरोध केला. आधी करार लिहून द्या, मग ठसे घ्या, असं म्हणणारे त्यात होते. पेपरवाल्यांनी त्यांना विकासाचे विरोधक ठरवलं. पण पावतीवरचं नाव मेलेल्या बापाचं असेल, तर ठसा हा पुरावा कशाचा होणार याची भीती त्यांनाच असणार, पेपरवाल्याला कशाला असेल? वरळीला ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. धारावीत मार्च २०२४ पासून घरांवर नंबर पडू लागले, आणि तिथं तर मोजणारा हात सरकार आणि खाजगी भांडवल मिळून काढलेल्या कंपनीचा. वही कुणाच्या कपाटात, हा प्रश्न आता आणखी अवघड झाला.

हे मुंबईचं झालं, नेकनूरला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. २०११ ला सामाजिक आर्थिक जातगणना झाली. ती १९४८ च्या कायद्याखाली नव्हती. तिच्यातली माहिती सरकारी खात्यांना योजना द्यायला आणि योजना अडवायलाही वापरता येते. घरकुलाच्या याद्या तिच्यावरून निघाल्या. मग २०१८ ला आवास प्लसचा सर्वे, आणि त्यानंतरच्या सर्वेत तर मोबाईलसमोर तोंड धरून ओळख पटवायची. दिवाळीनंतर आमचा वाडा निम्मा रिकामा होतो. कोयता घेऊन माणसं साखरपट्ट्यात जातात ती उन्हाळ्यात परततात. दोन वर्षांमागं मोजणारा आला तो भर हंगामात. आमच्या ओळीतल्या चार घरांना कुलूप. त्यानं काय लिहिलं ते मी वाकून वाचलं: घर बंद. म्हणलं, "साहेब, घर बंद नाही, माणूस ऊस तोडाया गेलाय." तो म्हणला, "त्याचा रकाना नाही."

रकाना नाही! चुलत आजाच्या शेजाऱ्यासाठी १९७६ ला तो नव्हता, आजही नाही.

कायदे आहेत. माणसाची खाजगी गोष्ट हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. २०२३ ला वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. पण योजना आणि दाखले देण्याच्या कामात सरकारला आपली संमती नव्यानं मागायची फारशी गरज त्यात ठेवलेली नाही. वर त्याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला, म्हणजे यादी मागायला गेलं की "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून परत पाठवायला वाट मोकळी. आपली माहिती त्यांना उघडी, आणि आपल्याला मात्र बंद!

२०२७ च्या जनगणनेत जात लिहून घ्यायची, असं २०२५ ला जाहीर झालंय. ती शिरगणती आहे, १९४८ च्या कायद्याखालची. तिथं खरं सांगा, आणि जात नीट लिहिली का ते बघा. घरकुलाचा, गायरानाचा, झोपडीचा सर्वे आला तर मात्र आधी विचारा की हे कोणत्या कायद्याखाली. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा म्हणा. आडनाव तपासा. भरलेल्या फॉर्मची नक्कल मागा, नाही दिली तर आपल्या मोबाईलवर फोटो काढून घ्या. आणि ऊसतोडीला जायच्या आधी कागद शेजारच्या म्हातारीकडं ठेवून जा, ती दारात असते.