अंतर राखणाऱ्याची विद्या : प्रस्तावना

अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातले जे गाव सर्वांत आधी गाठले ते हे. 1990 च्या दशकाच्या आरंभी इथल्या माणसांनी केलेला सत्याग्रह जगभर पोहोचला, आणि 1994 साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असे सांगणारा जाहीरनामा याच गावाच्या नावाने निघाला. त्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजून लिहिले जायला हवे. या प्रस्तावनेत मी मणिबेलीचे नाव काढतो ते तिथल्या भिल्लांच्या तिरकामठ्यासाठी.

हा कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पातळ कामटीची. बाण हलका, पुढे लोखंडी पाते. बाण ओढताना अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांत धरण्याची रीत भिल्लांत आहे आणि लोक तिचा संबंध एकलव्याशी लावतात. असा कामठा फार लांबवर खात्रीने मारत नाही. त्यामुळे शिकारीच्या दिवसांत बरेचसे कसब बाण सुटण्याआधीच खर्ची पडलेले असे. वारा कुठून येतो, कोणत्या झाडाची आड घ्यायची, किती पुढे सरकले तर जनावर बिथरेल आणि किती मागे राहिले तर बाण वाया जाईल, हे सगळे पाय ठरवत. हात शेवटी येई.

ज्या खेळाच्या अभ्यासात वाचकाचे स्वागत करायचे आहे, त्याचा गाभाही हाच आहे. ऑनलाइन रणांगणाचे खेळ, मुलांच्या तोंडी 'मोबा', यांत पाच विरुद्ध पाच खेळाडू असतात. नकाशावर तीन लेन, मध्ये जंगल, वाटेत टॉवर आणि दोन टोकांना दोन तळ. ठराविक वेळाने दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक लेनमधून चालू लागतात. प्रत्येक संघात बहुधा एक पात्र असे असते की ज्याला दुरून मारता येते, ज्याचा मारा शेवटी सर्वांत जबर होतो आणि ज्याचा जीव सर्वांत नाजूक असतो. कुणी त्याला मार्क्समन म्हणतात, कुणी एडीसी, कुणी कॅरी. हे पात्र चांगले खेळणे म्हणजे काय, हा आपला विषय.

धनुर्विद्येचे नाव निघाले की आज महाराष्ट्राला सातारा आठवतो, आणि आठवायलाच हवा. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. पुढच्याच महिन्यात हांगझोऊची आशियाई स्पर्धा सुरू झाली. तिथे ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली आणि तिथेच 'लीग ऑफ लेजेंड्स' व 'डोटा 2' हे मोबा आशियाई स्पर्धांत पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. भारताचा लीगचा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. एकाच स्पर्धेत दुरून नेम धरण्याच्या दोन परी दिसल्या, पण त्यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. कंपाउंडच्या मैदानावर अंतर पन्नास मीटरला बांधलेले असते, लक्ष्य हलत नाही आणि लक्ष्य उलटून अंगावर येत नाही. तिथे सगळी तपश्चर्या एकाच हालचालीच्या शुद्धतेची आहे. मोबात अंतर क्षणोक्षणी बदलते आणि समोरचाही तुम्हाला हेरत असतो. म्हणून माझ्या मते या खेळाचे जवळचे नाते मैदानापेक्षा मणिबेलीजवळच्या सातपुड्याच्या उताराशी आहे.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे पुरते कळलेले दिसते. 'डोटा 2' मधली ड्रो रेंजर ही धनुर्धारी घ्या. तिची सर्वांत मोठी ताकद, मार्क्समनशिप, शत्रूचा नायक अगदी जवळ आला की बंदच पडते. अंतर राखले तर ती भयंकर आणि अंतर गमावले तर केविलवाणी, हे इथे थेट नियमातच लिहिले आहे. 'लीग'मधल्या ॲशचा पल्ला खेळाच्या मापाने 600, केटलिनचा 650. हातघाईवर येणाऱ्या बहुतेक पात्रांचा पल्ला 125 ते 175. या दोन पल्ल्यांमधल्या पट्ट्यात मार्क्समन जगतो.

हा पट्टा राखायचा कसा, ते जवळून पाहू. ॲशच्या प्रत्येक बाणाने शत्रूची चाल मंदावते. समोरून दणकट योद्धा धावत येतो आहे. ती दोरी ओढते, बाण सुटतो, मग तिचा हात खाली येतो. या तीन भागांपैकी तिसरा निव्वळ दिखाऊ आहे. बाण सुटताक्षणी मागे क्लिक केले, तर हात खाली येण्याची वाट न पाहता ती पाऊल उचलते, आणि पुढचा बाण तयार होईपर्यंतचा वेळ चालण्यात जातो. मारा, पाऊल, मारा, पाऊल : याला काइटिंग म्हणतात. क्लिक जरा लवकर झाले तर बाण सुटतच नाही. जरा उशिरा झाले तर तेवढी जमीन हातची जाते. त्यातून सामान विकत घेतले की माऱ्याचा वेग वाढतो आणि ताल बदलतो. एकाच सामन्यात तो पुन्हा पुन्हा बोटांत बसवावा लागतो. या तालावर प्रेम जडल्याशिवाय कुणी मार्क्समन होत नाही, असे मला मनापासून वाटते.

सामानासाठी सोने लागते, आणि ते सैनिकाला शेवटचा घाव घालणाऱ्याला मिळते. 'लीग'मध्ये आपल्या टॉवरखाली सैनिक आले की जुना आडाखा असा : पुढच्या भालेवाल्याला टॉवरचे दोन तडाखे बसू द्यावेत, मग आपला एक, मागच्या जादूगाराला आधी आपला एक, मग टॉवरचा, मग पुन्हा आपला. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे असल्या बारीक हिशेबात जातात. बघणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटतात, पण पुढची लढाई तिथेच ठरत असते.

मोठी टीम फाइट जुंपली की नवखा खेळाडू शत्रूच्या सर्वांत नाजूक माणसामागे धावतो आणि मरतो. मुरलेला मार्क्समन सुरक्षित जागेवरून जो पल्ल्यात येतो त्याला मारत राहतो. कुठे उभे राहायचे हे फाइट सुरू होण्याआधी ठरलेले असते. 'लीग'मध्ये फ्लॅश, म्हणजे क्षणात थोडे अंतर उडी घेण्याची शक्ती, वापरला की तो पुन्हा यायला पाच मिनिटे लागतात. समोरच्या मारेकऱ्याने तो केव्हा खर्च केला हे ज्याला आठवते, तो दोन पावले पुढे उभा राहू शकतो. नकाशाच्या काळोखात कोण दिसेनासे झाले आहे, हे न मोजता पुढे जाऊ नये. आणि आपली राखण करणाऱ्या साथीदाराचे, म्हणजे सपोर्टचे, ऋण विसरू नये; त्याने लावलेल्या, काळोख उजळणाऱ्या वॉर्डमुळेच आपल्याला अंतर दिसते.

मार्क्समनची भूमिका आरंभापासून अशी नव्हती. 2003 च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट 3' वर हौशी लोकांनी रचलेल्या 'डोटा' नकाशातून हा प्रकार फोफावला. 'लीग' 2009 मध्ये आली, 'डोटा 2' 2013 मध्ये. खालच्या लेनमध्ये एक मार्क्समन आणि एक सपोर्ट ही जोडी युरोपातल्या खेळाडूंनी 2011 च्या आसपास रूढ केली. मारल्यावर सगळ्या संघाला बळ देणारा ड्रॅगन जवळ असल्याने तिथे दोघे असणे सोयीचे होते. 2018 च्या मध्याला मार्क्समनच्या सामानात बदल झाले आणि काही काळ त्या लेनमध्ये भलतीच पात्रे उतरली. तेव्हापासून या भूमिकेची संघाला खरोखर गरज आहे का, हा वाद अधूनमधून उठतो. माझे मत स्पष्ट आहे : टॉवर पाडायला आणि लांबलेली लढाई संपवायला सतत मारा करणारा कुणीतरी लागतोच. पण विरोधी बाजूही अभ्यासावी, तिच्यात दम आहे.

आपल्याकडे हा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी वाढला. फोनवर सहज खेळता येणारा 'मोबाइल लेजेंड्स' केंद्र सरकारने 29 जून 2020 रोजी घातलेल्या 59 ॲपच्या बंदीत गेला. तरी 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या 'डोटा 2' संघाने कांस्यपदक आणले आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांतला क्रीडाप्रकार म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवला. मराठीत मात्र या खेळाबद्दल नीट लिहिलेले फार थोडे आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याहून शहाद्याला किंवा नंदुरबारला शिकायला आलेल्या मुलाला हे आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे. त्याच्या घरी तिरकामठा असेल, तर अंतराचे निम्मे शिक्षण त्याला आधीच मिळालेले आहे.

नव्याने येणाऱ्याने एकच पात्र निवडावे. ॲश चांगली, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. आधी एकट्याने सरावाच्या नकाशावर, कुणी विरोधक नसताना, फक्त शेवटचे घाव घालावेत. मग हरलेल्या एका सामन्याचा रिप्ले लावावा आणि आपण मेलो तो प्रत्येक क्षण दहा सेकंद मागे नेऊन पाहावा : त्या वेळी आपण कुठे उभे होतो, पाचांपैकी किती शत्रू नकाशावर दिसत होते, मागे सरकायला वाट होती का. बाण कितीदा चुकला हे मोजण्याची घाई करू नये. ते पुढच्या प्रकरणांत येते.