दर्शनाची जागा : योसेमिटीची वाट आणि तिची छायाचित्रे

मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या देवळात प्रथमच आलेल्या यात्रेकरूस, दर्शन कोठे उभे राहून घ्यावे हे कोणी सांगावे लागत नाही. तळीवर पाय धुतले, दीपस्तंभाजवळून पुढे झाले, सभामंडप ओलांडला, की पावले गाभाऱ्यासमोर येऊन थांबतात. बांधणाऱ्याने ती जागा आधीच ठरवून ठेवलेली असते. डोंगर, धबधबे आणि अरण्ये यांविषयी मात्र आपली समजूत निराळी असते. तेथे मनुष्य मोकळा आहे, वाटेल तेथे उभा राहून वाटेल ते पाहतो, असे आपण धरून चालतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावे म्हणून अमेरिकेतील योसेमिटी या दरीचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहो. सार्वजनिक उद्यान, त्यातील सोयी आणि छायाचित्र ही तिन्ही तेथे एकमेकांच्या हातात हात घालून वाढली; म्हणून हे उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतराजीत ही दरी आहे. लांबी सुमारे ७ मैल, रुंदी जास्तीत जास्त मैलभर. दोन्ही बाजूंस सरळ तुटलेले कडे. त्यांपैकी एल कॅपिटन हा तळापासून सुमारे ३,००० फूट उंच आहे. योसेमिटीचा मुख्य धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट खाली येतो. येथे अहवाहनीची नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांचे खटके उडू लागले, आणि १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी त्यांचा पाठलाग करीत दरीत शिरली. पुढे चारच वर्षांत, १८५५ साली, पहिले हौशी प्रवासी आले, आणि १८५९ मध्ये चार्ल्स वीड याने दरीची पहिली छायाचित्रे घेतली.

परंतु योसेमिटी जगाला दाखविली ती कार्लटन वॉटकिन्स याने. १८६१ साली तो जो कॅमेरा घेऊन दरीत उतरला, त्यात १८ इंच रुंद व २२ इंच लांब अशी काच बसत असे. त्या काळी लहान चित्र मोठे करून छापण्याची सोय नसल्यासारखीच होती. मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी घ्यावी लागे. काचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन ते अंधाऱ्या तंबूत धुवून काढावयाचे, अशी ती रीत होती. काच वाळली की सारा खटाटोप वाया. अर्थातच कॅमेऱ्यासोबत तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या हा सगळा संसार खेचरांच्या पाठीवर लादून न्यावा लागे. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, की असा मनुष्य कितीही धाडसी असला, तरी तंबू ठोकता येईल आणि खेचर पोहोचेल अशाच ठिकाणी त्याचे काम मुख्यत्वे होणार.

पुढे १८६५-६६ च्या सुमारास मारिपोसाच्या पायवाटेवरून घेतलेल्या एका चित्राला वॉटकिन्सने जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘सर्वांत उत्तम समग्र दर्शन’ असा होतो. दरीत येणाऱ्या प्रवाशाला त्या वाटेवर एकाएकी जे दिसे, तेच उत्तम ठरले, आणि ज्याने दरी पाहिली नव्हती त्याच्या मनातही तेच रूप ठसले.

असे न पाहिलेले लोकच त्या वेळी निर्णय घेत होते. १८६२ च्या अखेरीस वॉटकिन्सची चित्रे न्यूयॉर्कमधील गूपील यांच्या दालनात मांडली गेली. देशात यादवी युद्ध पेटलेले असतानाच, ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. ही दरी आणि मारिपोसा येथील प्रचंड वृक्षांची राई सार्वजनिक उपभोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली जावी आणि ती कधीही विकली जाऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. लिंकन यांनी दरी कधीच पाहिली नव्हती. दूर पूर्वेकडे बसलेल्या माणसांना ती ठाऊक होती ती चित्रांतून आणि वर्णनांतून.

राखून ठेवलेल्या भूमीचे पुढे करावयाचे काय, हा प्रश्न फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्यापुढे आला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी हे एक. योसेमिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख या नात्याने त्यांनी १८६५ साली एक अहवाल लिहिला. तत्पूर्वी त्यांनी दरीचे सौंदर्य कसे राखावे यासंबंधी वॉटकिन्सचे आणि दोन चित्रकारांचे मत पत्राने मागविले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. ओल्मस्टेड यांचे म्हणणे असे, की सुंदर स्थळे धनिकांच्या खासगी मालकीत जातात आणि सामान्य माणूस त्यांस मुकतो. तसे होऊ न देणे हे सरकारचे कर्तव्य होय. एका शतकात येथे लक्षावधी माणसे येतील, हेही त्यांनी ओळखले होते. म्हणून सोयी हव्यात, पण त्या बेताच्या. दरीला पूर्ण वळसा घालणारी एक अरुंद वाट असावी. गाड्या आल्या तर एका बाजूने जाव्यात आणि दुसऱ्या बाजूने परताव्यात, म्हणजे रुंद रस्त्याची गरज पडणार नाही. जागोजागी थांबण्याची ठिकाणे असावीत. पाच झोपड्या बांधून त्या भाडेकऱ्यांना द्याव्यात, आणि प्रत्येकीत एक खोली येणाऱ्याजाणाऱ्यांस विसाव्यासाठी विनामूल्य खुली असावी.

हे वाचताना आम्हांस आपल्या प्रदक्षिणेची आणि अग्रशाळेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. संबंध काहीच नाही, पण विचाराची जात एक आहे: आलेल्याला आसरा द्यावा, आणि त्याच्या पावलांना अशी वाट द्यावी की गर्दीने देवस्थानाचे रूप बिघडू नये. दुर्दैवाने मंडळातील काही सहकाऱ्यांनी तो अहवाल दडपला. तो पुन्हा जुळवून छापला गेला तो १९५२ साली, आणि दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, योसेमिटीला एका वर्षात येणाऱ्यांची संख्या प्रथमच १० लाखांवर गेली.

मधल्या काळात सोयी आपल्या गतीने वाढल्या. १८७४ मध्ये गाडीरस्ता दरीत पोहोचला. १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. १९१३ पासून मोटारींना दरीत मुभा मिळाली. इकडे कोडॅक कंपनीने १८८८ मध्ये सुटसुटीत कॅमेरा आणि १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी विकावयास काढला होता. आता प्रवासी स्वतःच छायाचित्रकार झाला. १९३३ साली वावोना रस्त्यावरचा बोगदा खुला झाला आणि त्याच्या पूर्वेकडील तोंडाशी गाड्या उभ्या करण्यास मोकळी जागा राखली गेली. अंधारातून बाहेर पडताच डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्राइडलव्हेल धबधबा आणि मध्ये दूरवर हाफ डोम असा देखावा समोर उभा राहतो. वॉटकिन्सच्या काळी खेचराच्या वाटेने जे केले, ते येथे रस्ता बांधणाऱ्यांनी जाणूनबुजून केले. आजही असंख्य प्रवासी तेथे उतरतात, तेच चित्र घेतात आणि पुढे जातात.

सोयीबरोबर तमाशाही आला. ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून रात्री पेटते निखारे खाली लोटावयाचे, म्हणजे अग्नीचा धबधबा दिसे. १८७० नंतरच्या दशकात सुरू झालेला हा प्रकार मधूनमधून खंड पडूनही टिकला, आणि तो पाहण्यास इतकी गर्दी होऊ लागली की कुरणे तुडविली जाऊ लागली. १९६८ च्या जानेवारीत उद्यानखात्याने तो बंद केला. परंतु कथा येथे संपत नाही. हॉर्सटेल नावाच्या लहानशा धबधब्यावर फेब्रुवारीत काही दिवस मावळतीचे ऊन असे पडते, की पाणी पेटल्यासारखे दिसते. १९७३ मध्ये गॅलन रॉवेल यांनी टिपलेल्या या दृश्याचे चित्र प्रसिद्ध झाले, आणि आता त्या दिवसांत तेथे एवढी माणसे जमतात की गाड्या उभ्या करण्यावर निर्बंध घालावे लागतात. निखारे गेले, तरी निखाऱ्यांनी लावलेली दृष्टी राहिली.

आता जे चित्रांत दिसले नाही त्याकडे वळू. वॉटकिन्सच्या भव्य चित्रांत बहुधा माणूस नाही. जणू मनुष्याचा हात न लागलेली भूमी. पण त्या चित्रांतील मोकळी कुरणे आणि विरळ ओकवृक्ष ही पुष्कळ अंशी अहवाहनीची लोकांची करणी होती. ते ठराविक काळाने गवत जाळीत. त्यामुळे ओकची फळे वेचणे सोपे जाई आणि सूचिपर्णी झाडांची दाटी होत नसे. ती रीत बंद पाडल्यावर झाडोरा वाढला आणि जुनी दृश्ये झाकली गेली. जुनी व नवी छायाचित्रे शेजारी ठेवली की हा फरक कोणासही दिसतो. दरीतील त्या लोकांची वस्ती मात्र क्रमाने आटत गेली, आणि १९६९ साली तिची उरलीसुरली घरेही नाहीशी करण्यात आली. ज्यांनी बाग राखली त्यांनाच बागेच्या चित्रात जागा उरली नाही, हे आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत खेदजनक वाटते.

एक वेगळा प्रयत्नही नोंदविला पाहिजे. १० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा तरुण बर्फातून चढत ‘डायव्हिंग बोर्ड’ नावाच्या सुळक्यावर गेला. हाफ डोमच्या उभ्या कड्यासमोर पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिलीवर पिवळी गाळणी लावून त्याने चित्र घेतले. मग आकाश मनात भासले तसे काळेभोर उतरावे म्हणून शेवटचीवर लाल गाळणी लावली. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. येथे पाय स्वतःचे होते, म्हणून दृष्टीही स्वतःची राहिली. पण सर्वांना सुळका चढता येत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी रस्ता हवाच. ओल्मस्टेड यांचा आग्रह त्यांच्याचसाठी होता.

हे सारे आम्ही दूरदेशीची नवलकथा म्हणून लिहिलेले नाही. गोव्यात आणि कोकणात अनेक देवळांच्या पाठीशी देवराया आहेत, आणि येणारे भाविक वाढत असता वाहनतळ, फरसबंदी, कठडे यांची मागणी होते. ती रास्तच आहे. परंतु वाहनतळ जेथे होईल तेथूनच पुढील पिढी ती राई पाहील, आणि तेथूनच घेतलेले चित्र म्हणजे राई असे समजेल, एवढे विश्वस्त मंडळींनी ध्यानी धरावे. जागा आखण्यापूर्वी एकदा पायी राईला वळसा घालावा, आणि जो तिची निगा पिढीजात राखीत आला आहे त्याला सोबत घेऊन, वाट कोठून जावी हे प्रथम त्यालाच विचारावे.