पाव मैलाचा हिशेब : घरी बांधलेल्या ड्रॅग गाडीचा इतिहास

शर्यतीच्या मोटारीचा इतिहास बहुधा इंजिनाची ताकद आणि वेगाचे विक्रम यांच्या आधारे सांगितला जातो. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी आपापल्या गॅरेजात बांधलेल्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांबाबत मला तो अपुरा वाटतो. या गाड्यांचा इतिहास खरे तर मोडतोडीचा आहे. एक भाग सुधारला की ताण पुढच्या भागावर जातो. तो मोडला की त्याची पाळी. या साखळीची शेवटची कडी म्हणजे चालवणारा माणूस. त्याचा विचार सर्वांत उशिरा झाला. तो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

शर्यत समजायला सोपी आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, इशारा मिळताच सुटतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. आपल्याकडच्या शंकरपटासारखाच हा काही सेकंदांचा मामला.

याचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांत आहे. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे स्वस्त इंजिन बाजारात आणले. पुढे या गाड्या जुन्या झाल्या, भंगारात आल्या आणि तरुणांच्या हाती लागल्या. मडगार्ड काढायचे, टप उतरवायचे, कार्ब्युरेटर वाढवायचे आणि तळ्याच्या सपाट मातीवर लांब धाव घेऊन सर्वाधिक वेग मोजायचा, असा तो खेळ होता. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटनाही स्थापन केली.

महायुद्धानंतर हा खेळ शहरांजवळ आला. रस्त्यांवरच्या शर्यतींनी लोक वैतागले होते. १९५० मध्ये सी. जे. हार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांता अ‍ॅना विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू केल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्सच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

जागा बदलली तशी गाडीही बदलली. तळ्यावर शेवटचा वेग महत्त्वाचा होता. धावपट्टीवर पहिले काही फूट निर्णायक ठरू लागले. ताकद कितीही असो, मागची चाके जागेवरच फिरली तर ती वाया जाते. म्हणून वजन मागे न्यायला हवे होते. आधी इंजिन मागे सरकले. मग १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्पसनने चालकाची बैठकच मागच्या आसाच्या पाठीमागे नेली. गलोलीत ठेवलेल्या खड्यासारखा तो दिसे, म्हणून या रचनेला ‘स्लिंगशॉट’ नाव पडले. चालकाचे शरीर आता चाकांवरचे वजनही झाले होते.

याच काळात इंजिनांची ताकद झपाट्याने वाढली. जीएमसीच्या डिझेल इंजिनांवरचे हवा कोंबणारे ब्लोअर काढून शर्यतीच्या इंजिनांवर बसवले गेले. इंधन म्हणून नायट्रोमिथेन आले. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळते. ही ताकद टायरना पेलेना, म्हणून रुंद, गुळगुळीत टायर आले. टायरनी रस्ता धरल्यावर ताण क्लचवर आला. वेगाने फिरणारे फ्लायव्हील फुटले की तुकडे गोळीसारखे सुटत, म्हणून त्याभोवती पोलादी कवच आले. स्लिंगशॉटमध्ये हे सगळे चालकाच्या पुढ्यात आणि पायांपाशी होते.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. गार्लिट्स फ्लोरिडाचा, स्वतःच्या गाड्या स्वतः बांधणारा. १९६४ मध्ये त्याने ताशी दोनशे मैलांचा टप्पा ओलांडला होता. अपघातानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे असलेल्या गाडीचा ध्यास घेतला.

कल्पना नवी नव्हती. आधीही काहींनी तशा गाड्या बांधल्या होत्या, पण त्या सरळ धावत नसत. गार्लिट्सची गाडीही आरंभी भरकटे. दोष शोधता शोधता तो स्टिअरिंगपाशी सापडला. चाक जरासे फिरवले तरी गाडी फार वळत होती. स्टिअरिंग मंद करताच गाडी सरळ धावू लागली. १९७१ मध्ये त्याच गाडीने त्याने पोमोना इथली हिवाळी स्पर्धा जिंकली आणि काही वर्षांतच वरच्या वर्गातून स्लिंगशॉट हद्दपार झाल्या.

म्हणजे मधली सतरा वर्षे धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. फुटलेली फ्लायव्हील सर्वांनी पाहिली होती. पण स्लिंगशॉट जिंकत होती, आणि जिंकणाऱ्या रचनेला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. सुरक्षित गाडी सर्वांनी स्वीकारली, ती ती सुरक्षित होती एवढ्यासाठी नव्हे, तर ती जिंकली म्हणून. स्टिअरिंगचा दोष सापडला नसता, तर गार्लिट्सच्या पावलाची किंमत देऊनही जुनीच रचना चालू राहिली असती, असे मला वाटते.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. गल्लीतल्या गॅरेजांतही इंजिनाची ताकद वाढवण्याचे प्रयोग चालतात. हात चांगले आहेत, हौसही खरी आहे. फक्त ‘ताकद किती वाढली?’ याच्या जोडीला ‘आता पुढे काय मोडेल, आणि त्याच्या वाटेत कोण बसले आहे?’ हेही विचारले जावे. या पाऊण शतकाच्या इतिहासाचे सार तेवढेच आहे.